एक ना धड, भाराभर चिंध्या?

(युवा शिबिरात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला फोन करून विषय सांगितला : ‘एकाच विषयात तज्ज्ञ व्हावं, की अनेक विषयांतलं थोडं थोडं यावं?’ मी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर जरा घाबरलो. कारण याच प्रश्नावर मी एकदा नापास झालो आहे. तिथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या साहेबांनी माझा बायोडेटा शांतपणे वाचला आणि म्हणाले, “तुम्ही वेबसाइट बनवल्यात, डेटाबेसचं काम केलंय, सर्व्हर सांभाळलेत, टेस्टिंग केलंय, मध्येच सहा महिने ग्राहकांचे फोनसुद्धा घेतलेत. पण तुम्ही नेमके कशातले?”

मी म्हटलं, “सर, जे लागेल ते करतो.”

ते हसले. त्या नोकरीचं पत्र कधी आलं नाही.

परत येताना बसमध्ये मला आमच्या शाळेतल्या मास्तरांचं वाक्य आठवत होतं. मी चित्रकलेच्या तासाला कविता करायचो आणि मराठीच्या तासाला रेडिओ खोलून बसायचो, तेव्हा ते म्हणायचे, “एक ना धड, भाराभर चिंध्या!” अख्खा वर्ग हसायचा. ही म्हण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. आपल्या घरांतून आणखी एक म्हण ऐकू येते : नीम हकीम खतरा-ए-जान. अर्धवट हकीम म्हणजे जिवाला धोका. मराठी असो की उर्दू, दोन्ही भाषांनी थोडं थोडं जाणणाऱ्याला झोडपूनच काढलंय. पण उर्दूत आणखी एक शब्द आहे आणि तो कौतुकाचा आहे : हरफनमौला. ज्याला प्रत्येक कसब येतं तो.

माझ्या अब्बांना मिरजेत लोक हरफनमौला म्हणायचे.

मी मूळचा मिरजेचा. अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. पाटी मोटारीची, पण काम सगळ्याचं. मिक्सर, पंखे, शिलाई मशीनची मोटार, पिठाच्या गिरणीची मोटार, लाउडस्पीकर, मशिदीतला अँप्लिफायर, गणपती मंडळाची लायटिंग. अब्बा सातवी शिकलेले. त्यांचा एक किस्सा सांगतो. आज मला जे म्हणायचंय ते बरंचसं त्यातच आहे.

जवळच्या गावातल्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळली. थ्री फेज मोटार. त्याने ती एका नावाजलेल्या रिवाइंडरकडे नेली. काम उत्तम झालं. महिनाभराने मोटार पुन्हा जळली. पुन्हा वाइंडिंग, पुन्हा जळली. तिसऱ्यांदा जळल्यावर तो अब्बांकडे आला. अब्बांनी मोटार उघडून पाहिली आणि म्हणाले, “वाइंडिंग झकास केलंय. दोष मोटारीत नाही. चल, शेत दाखव.” मला सायकलवर पुढे बसवून ते निघाले. मी तेव्हा पाचवीत असेन.

शेतावर त्यांनी मोटारीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते स्टार्टरच्या पेटीपाशी उभे राहिले. थ्री फेज मोटारीला तीन तारांतून वीज लागते. चालू असताना त्यातली एक तुटली, तर मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन तारांवर ती घरघरत फिरत राहते, जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी जळते. त्या स्टार्टरमधला एक कॉन्टॅक्ट काजळी धरून सैल झाला होता. पंप चालला की हादऱ्याने मधूनच तो सुटायचा. मोटार तीन वेळा जळली ती एवढ्याशा कारणाने.

अब्बांनी कॉन्टॅक्ट बदलला. पैसे किती घेतले? जाण्यायेण्याचे आणि त्या कॉन्टॅक्टचे. रिवाइंडिंग करत बसले असते तर त्याच्या कितीतरी पट मिळाले असते, आणि मोटार जळत राहिली असती तर पुन्हा पुन्हा मिळाले असते.

सायकलवरून परत येताना ते मला म्हणाले, “बेटा, तू एकच काम धर. असलं सगळ्यातलं करणाऱ्याला लोक दुवा देतात, पैसे देत नाहीत.”

मित्रांनो, त्या मुलाखतीनंतर मला पटलं की अब्बा खरं बोलत होते. पण शेतकऱ्याची मोटार पुन्हा जळली नाही, हेही खरंच होतं. या दोन खरेपणांची सांगड कशी घालायची, हा माझ्यापुरता आजचा विषय आहे.

आधी तज्ज्ञांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांची बाजू भक्कम आहे. मिरजेला तुम्ही कधी आलात तर सतारमेकरांच्या दुकानांत नक्की जा. ही सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं तेव्हा यांच्या पूर्वजांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि पुढे बनवायला लागले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. धंदा बुडाला म्हणून रडत न बसता हातातलं कसब दुसऱ्या कामाकडे वळवणं, याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या घराजवळ तरी मला माहीत नाही.

पण त्या दुकानात गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. तानपुऱ्यात भोपळा असतो, लाकूड असतं, नक्षी असते, पॉलिश असतं, तारा असतात. त्यातलं एक काम असतं जवारी काढण्याचं. घोडीवर जिथे तार टेकते तो भाग कानशीने इतका हळुवार घासायचा, की तार त्याला किंचित चाटून जावी आणि सूर झणकारत राहावा. केसभर जास्त घासलं गेलं तर तो झणकार गेला. हे काम वर्षानुवर्षं हात आणि कान घासल्याशिवाय येत नाही. तिथे ‘मलाही थोडं थोडं येतं’ म्हणणाऱ्याच्या हातात कोणी कानस देणार नाही, आणि देऊही नये. उद्या माझ्या हृदयाचं ऑपरेशन करायची वेळ आली तर मलाही हरफनमौला सर्जन नको आहे.

तेव्हा तज्ज्ञ हवेतच, यावर वाद नाही. अडचण दुसरीच आहे. हृदयाच्या डॉक्टरकडे मला पाठवणार कोण? छातीत दुखतंय ते हृदयाचं, पित्ताचं, की मुलीच्या लग्नाच्या कर्जाच्या काळजीचं, हे आधी कोण ओळखणार? ते काम मोहल्ल्यातल्या फॅमिली डॉक्टरचं. माणूस आजारी पडतो तो विभागवार पडत नाही. प्रश्न येतो तेव्हा त्याच्यावर विषयाची चिठ्ठी लावलेली नसते. ती चिठ्ठी कोणीतरी लावावी लागते, आणि चुकीची लागली की सगळे तज्ज्ञ आपापलं काम चोख करूनही मोटार जळतच राहते.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. विद्यार्थ्यांना शैक्षणिक मदत देणाऱ्या एका संस्थेच्या ऑनलाइन अर्जांचं काम आमच्या कंपनीकडे होतं. तक्रारी येऊ लागल्या. काही मुलांचे अर्ज नावाने शोधले तर सापडत नव्हते. सापडत नाही म्हणून मुलं दुसऱ्यांदा अर्ज भरायची, आणि मग ‘दुबार अर्ज’ म्हणून दोन्ही अडकायचे. वेबसाइटच्या टीमने तपासलं, म्हणाले, आमच्या बाजूने ठीक आहे. डेटाबेसच्या टीमने सांगितलं, नोंद आहे, आमच्या बाजूने ठीक आहे. सर्व्हरवाल्यांचंही तेच. तिघंही खरं बोलत होते. तिघंही हुशार होते. मोटारीचं वाइंडिंग झकास होतं!

मी तक्रारींची यादी छापून घेतली आणि नुसती नावं वाचत बसलो. ख़ान. क़ाज़ी. फ़ातिमा. ज़मीर. ग़ुलाम. यातलं साम्य तुमच्या लक्षात आलं असेल. कारण आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी मदरशात किंवा घरी अलिफ-बे गिरवलंय आणि शाळेत बाराखडी. या सगळ्या नावांत नुक्ता आहे, अक्षराखालचा टिंब. मराठीत आपण साधं ‘खान’ लिहितो, पण काही फॉर्म हिंदी कीबोर्डवर भरले गेले होते, तिथे ‘ख़ान’ झालं होतं.

आता यातली तांत्रिक गंमत सांगतो. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला क्रमांक दिसतो. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ‘ख़’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, अख्ख्या अक्षराचा मिळून एकच क्रमांक. दोन, साध्या ‘ख’चा क्रमांक आणि त्यापुढे नुक्त्याचा वेगळा क्रमांक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगवेगळी नावं असतात. मुलाच्या मोबाइलने एका पद्धतीने लिहिलं होतं आणि कार्यालयातल्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या पद्धतीने शोधलं होतं. म्हणून मुलगा असूनही सापडत नव्हता. उपाय अगदी लहान होता : नाव साठवण्याआधी आणि शोधण्याआधी एकाच पद्धतीत आणायचं. त्यासाठी तयार सोय असते, दहा-बारा ओळींचं काम.

पण एवढ्याने प्रश्न संपला नाही. नुक्त्याचा घोळ मिटल्यावर दुसरा उरला. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. शेख हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर ए-आय घालून लिहिलेलं, दुसऱ्यावर ई-आय घालून. आमचं सॉफ्टवेअर ‘नाव जुळत नाही’ म्हणून अर्ज आपोआप नाकारायचं. याला संगणकात उपाय नव्हता. मी त्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसलो. तिथल्या ज्येष्ठ कारकूनबाई म्हणाल्या, “अहो, पूर्वी कागदी अर्ज होते तेव्हा आम्ही बापाचं नाव आणि जन्मतारीख बघून समजून घ्यायचो. मशीनला समजून घेता येत नाही का?” शेवटी असं ठरलं की स्पेलिंगमध्ये थोडा फरक असेल तर अर्ज नाकारायचा नाही, माणसाच्या नजरेखाली पाठवायचा. निर्णय साधाच, पण त्यामुळे कितीतरी मुलांचे अडकलेले अर्ज सुटले.

त्या तिन्ही टीममधल्या लोकांना संगणकाचं माझ्याहून जास्त कळत होतं. मला जास्त काय कळत होतं? नुक्ता. आणि शेख आडनावाच्या मुलाच्या घरातल्या कागदपत्रांची काय अवस्था असते, ते. हे ज्ञान मला कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजने दिलं नव्हतं. ते घरातून आलं होतं, आणि तोवर मी ते ‘ज्ञान’ या खात्यात धरतच नव्हतो.

इथे मला अल-बिरुनीची आठवण होते. आपल्याकडे सभांमधून जुन्या मुस्लिम शास्त्रज्ञांची नावं टाळ्यांसाठी घेतली जातात. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कर्तबगारीवर आपण कॉलर ताठ करायची, यात आपलं कर्तृत्व काय? मी नाव घेतोय ते त्याची काम करण्याची रीत सांगण्यासाठी.

अल-बिरुनीचा जन्म ९७३ सालचा, ख्वारिज्मचा, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातला. मूळ अभ्यास गणिताचा आणि खगोलशास्त्राचा. गझनीच्या महमूदाने १०१७ साली ख्वारिज्म जिंकलं आणि इतर विद्वानांबरोबर त्यालाही गझनीला नेलं. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. त्या वयात त्याने संस्कृत शिकायला घेतली. कशासाठी? भारतातलं गणित आणि ज्योतिष मुळातून समजून घ्यायचं होतं म्हणून. संस्कृत आल्यावर त्याला दिसलं की ग्रंथ कळायचे तर धर्म, चालीरीती, वजनमापं, कालगणना हे सगळं कळायला हवं. त्यातून १०३०च्या सुमारास भारतावरचा त्याचा मोठा ग्रंथ तयार झाला. याच माणसाने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळ एका डोंगराची उंची आणि तिथून क्षितिज किती खाली दिसतं तो कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. खनिजांवर लिहिलं, औषधांवर लिहिलं.

आणि गंमत ऐका. भारतावरच्या त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो आपल्या अडचणी सांगतो. त्यात पहिली अडचण भाषेची. तो म्हणतो की हिंदी शब्दांतले काही आवाज अरबी-फारसी लिपीत उतरतच नाहीत, त्यासाठी नुक्ते आणि खुणा बदलून पाहाव्या लागतात, आणि नकलून घेणारे लेखनिक निष्काळजी असले की शब्दाचं पार मातेरं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. हजार वर्षं झाली, नुक्त्याचा प्रश्न अजून सुटायचाच आहे!

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबेन गावचा. शिक्षण हार्वर्डमध्ये, विषय मुख्यतः गणित. काही काळ अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवलं, मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पुण्याहून ते डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत. हे गणितज्ञ संख्याशास्त्राचा वापर करून पाहायला म्हणून जुन्या नाण्यांकडे वळले. हजारो आहत नाणी त्यांनी एकेक करून तोलली. त्यांचा तर्क असा की नाणं जितकं हातांतून फिरतं तितकं झिजतं. तेव्हा वजनातली घट पाहून कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची, हे गणिताने सांगता येईल. मग प्रश्न आला, ही नाणी पाडणारे राजे कोण? त्यासाठी जुने ग्रंथ, म्हणून संस्कृत. संस्कृतमध्ये शिरले ते असे, की १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीच त्यांनी काढली. तरीही ग्रंथ पुरेनात, म्हणून हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या पालथ्या घातल्या, धनगरांशी बोलले, शेंदूर फासलेले दगड पाहिले, अश्मयुगीन हत्यारं वेचली. १९५६ साली भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची रीत बदलणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. मध्येच १९४४ साली आनुवंशिकीत एक सूत्र मांडलं, ते आजही कोसंबींच्या नावाने वापरलं जातं.

आता या दोघांत काय दिसतं? मला तरी असं दिसतं की दोघांपैकी कोणीही ‘मला सगळं यायला पाहिजे’ म्हणून निघालं नव्हतं. दोघांनी एकेक प्रश्न हातात घेतला. तो प्रश्न त्यांना आपल्या विषयाच्या कुंपणापर्यंत घेऊन गेला. तिथे बाकीचे म्हणतात, ‘हे माझं खातं नाही.’ हे दोघं कुंपण ओलांडून पलीकडची भाषा शिकले. आणि ओलांडताना हातात एक पक्कं हत्यार होतं : गणित. विहीर एक खोल होती. तिच्या पाण्यावर बाकीची शेतं भिजली.

चिंध्यांची म्हण म्हणूनच मला आता वेगळी वाटते. आमची दादी चिंध्यांची गोधडी शिवायची. जुनी साडी, अब्बांचा फाटका शर्ट, आमचे आखूड झालेले कपडे. भाराभर चिंध्या घरात नुसत्या पडल्या तर तो पसाराच. पण दादीला माहीत असायचं की थंडी कुणाला वाजतेय. मग वर-खाली एक धड लुगडं घ्यायचं आणि मधल्या चिंध्यांतून धागा घालत जायचा. म्हणीत तक्रार आहे ती चिंध्यांबद्दल नाही, ‘एक ना धड’बद्दल आहे. एक तरी धड पाहिजे. मास्तर तेवढं बरोबर होते.

इथवर मी माझी हुशारी सांगितली. आता माझी चूक सांगतो, नाहीतर हे भाषण खोटं ठरेल.

नुक्त्याचं प्रकरण मिटल्यावर ऑफिसात माझं कौतुक झालं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते मी झालो. पुढच्या वर्षी अर्जांची शेवटची तारीख होती. वेबसाइट हळू चालत होती. मला वाटलं, डेटाबेसच्या एका टेबलला इंडेक्स लावला की वेग वाढेल. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा इंडेक्स. कल्पना चुकीची नव्हती. पण मोठ्या टेबलवर साध्या पद्धतीने इंडेक्स तयार करायला घेतला, तर तो पुरा होईपर्यंत त्या टेबलमध्ये नवीन नोंद लिहिता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलं नाही. संध्याकाळी ऐन गर्दीत इंडेक्स सुरू केला आणि सगळे अर्ज लटकले. जवळपास दोन तास.

आमच्याकडे डेटाबेसची जाणकार एक सहकारी आहे. अबोल, आपलं काम भलं म्हणणारी. तिने येऊन सगळं मार्गी लावलं. मला फक्त एवढंच म्हणाली, “विचारलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं.” लिहिणं न थांबवता इंडेक्स लावायची वेगळी पद्धत असते, ती तिला तोंडपाठ होती. संस्थेने अर्जाची मुदत एक दिवस वाढवली. पण खेड्यातून तालुक्याला येऊन सायबर कॅफेत रांगेत बसलेल्या मुलामुलींचा त्या दिवशीचा रोज आणि एसटीचं भाडं मी बुडवलं. नीम हकीम खतरा-ए-जान, ही म्हण मला त्या संध्याकाळी कळली.

अल-बिरुनीने संस्कृत शिकताना पंडितांना विचारलं होतं. अब्बासुद्धा ‘वाइंडिंग झकास केलंय’ म्हणून आधीच्या कारागिराला मान देऊन मगच शेतावर गेले होते. कोसंबींसारख्या माणसानेही उतारवयात रीमान गृहीतकाची, म्हणजे गणितातल्या एका अत्यंत अवघड जुन्या कोड्याची, सिद्धता सापडल्याचा दावा केला आणि ती शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापली. ती टिकली नाही आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. एवढा मोठा माणूसही आपल्या स्वतःच्या विषयात चुकू शकतो. मग व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज वाचून लसीपासून अर्थसंकल्पापर्यंत आणि कायद्यापासून फिक्हपर्यंत सगळ्यावर मत ठोकणारे आपण कोण? अनेक विषयांत रस असणं वेगळं आणि अनेक विषयांत अधिकार गाजवणं वेगळं. हरफनमौलाला सर्वांत आधी हे माहीत पाहिजे की आपलं ज्ञान कुठे संपतं, आणि तिथून पुढे कुणाचं दार वाजवायचं.

आता तुमच्याबद्दल बोलतो. समोर बसलेल्यांपैकी किती जण घरातले पहिले शिकलेले आहेत? हात वर करा. बरेच आहेत. मला तुमचा दिवस माहीत आहे. रेशनकार्डाचा फॉर्म तुम्हीच भरता. अम्मीला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरचं इंग्रजी तिला तुम्हीच समजावता. चाचांच्या बँकेचं पत्र, फुफीच्या कोर्टाची तारीख, शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं तुमच्याकडे. घरात एक बोली, शाळेत मराठी, मस्जिदीत उर्दू-अरबी, कॉलेजात इंग्रजी. आणि मुलींचं तर विचारूच नका. हे सगळं करून वर ‘घरीच असते’ एवढंच ऐकून घेतात. या सगळ्याला तुम्ही कटकट समजता. मी तुम्हाला सांगतो, एका माणसाचं म्हणणं दुसऱ्या जगातल्या माणसाला त्याच्या भाषेत समजावणं, हेच हरफनमौलाचं मुख्य काम आहे. ते तुम्ही बाराव्या वर्षापासून करताय. कारणं हलाखीची होती, पण शिकलात ते खरं आहे.

पण त्यावर फुगून जाऊ नका. अब्बांना सगळं येत होतं, हातात कागद एकही नव्हता. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती म्हणून मला दारातून आत घेतलं, आणि आत गेल्यावर मग नुक्त्याचं ज्ञान कामाला आलं. दार उघडायला एक किल्ली लागतेच. ज्याच्या घरी मागे बळकट आधार नाही, त्याने तर पहिली चार-पाच वर्षं एकच विहीर खोदावी, असंच मी सांगेन. नर्सिंग असो, अकाउंट्स असो, वेल्डिंग असो, कायदा असो. एखादी गोष्ट अशी यावी की त्यात तुमचा शब्द लोक धरून चालतील. एकदा एक विषय खोलवर शिकलात की ‘खोल’ म्हणजे किती खोल, याचा अंदाज येतो. मग दुसऱ्याच्या विषयात तुम्ही उथळ पाण्यासारखा खळखळाट करत नाही.

त्याच वेळी शेजारच्या टेबलावर काय चाललंय, ते विचारत राहा. वेल्डर असाल तर ड्रॉइंग कोण काढतं ते बघा. नर्स असाल तर बिल कसं बनतं ते समजून घ्या. वकिलीला असाल तर महिनाभर तलाठी कार्यालयात बसा. ‘आमच्या बाजूने ठीक आहे’ हे वाक्य ऐकलं की थांबा. तीन जण तेच म्हणाले तर दोष बहुधा तिघांच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा कोणाच्याच नावावर नाही. ती आपल्या नावावर करून घ्या. हल्ली संगणक कोडसुद्धा लिहून देतो, तुकड्या-तुकड्यातली उत्तरं चटकन मिळतात. पण मोटार सोडून शेतावर जायला पाहिजे, हे कोणाला तरी सुचावंच लागेल.

आणि मुलाखतीत ‘तुम्ही कशातले?’ असं विचारलं, तर माझ्यासारखं ‘जे लागेल ते करतो’ म्हणू नका. तुमची विहीर आधी सांगा, मग तुम्ही सोडवलेला एक प्रश्न सांगा. मी पुढच्या मुलाखतीत नुक्त्याची गोष्ट सांगितली. ती नोकरी मिळाली, अजून तिथेच आहे.

अब्बांनी आता दुकान बंद केलंय. मागच्या ईदला मी घरी होतो. तो शेतकरी शीरखुर्म्याला आला होता. आता म्हातारा झालाय. मला बघून म्हणाला, “तू सायकलवर पुढं बसून आला होतास न्हवं? ती मोटार बारा वर्सं चालली बघ.” अब्बा नुसते हसले. मग आत जाऊन त्यांनी त्याच्यासाठी दुसरी वाटी भरून आणली.